गिरणीची भिंत आवडली की आतली गर्दी?

प्रश्न: माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. 2022 मध्ये इथल्या बंद पडलेल्या शाहू कापड मिलमध्ये भरलेलं कृतज्ञता पर्व, म्हणजे राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचा कार्यक्रम, बघून आली, तेव्हापासून एकच धोशा, बंद कारखान्यांची कलाकेंद्रं करायची. माझे वडील त्याच मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. बंद पडलेल्या ठिकाणी कसलं करिअर? याची डिग्री असते का? पोट भरेल का? – एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. ज्या घरानं भोंगा बंद होताना बघितलाय, त्या घरातून हा प्रश्न येणारच.

आधी डिग्रीचं. या नावाची पदवी बारावीनंतर मिळणार नाही. नेहमीचा रस्ता म्हणजे पाच वर्षांचं बी.आर्क. त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा द्यायची. दिल्ली-भोपाळच्या एसपीएत, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, जायचं तर जेईई मेनचा आर्किटेक्चरचा वेगळा पेपर. पुढे वारसा जतन, म्हणजे कॉन्झर्वेशन, या विषयात मास्टर्स. ते या दोन्ही ठिकाणी आहे, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आहे, मुंबईत केआरव्हीआयए या आर्किटेक्चर कॉलेजातही आहे. धरा सात वर्षं. आणि पहिला पगार नातेवाइकांना सांगावासा वाटणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. रोज गिरण्याही मिळत नाहीत. अशा ऑफिसांची चूल वाडे, देवळं आणि सरकारी इमारतींच्या डागडुजीवर पेटते.

आता लेकीला एक विचारा. तिला मिलची भिंत आवडली की त्या भिंतीआड भरलेली गर्दी? मला वाटतं सगळा निर्णय इथे आहे.

भिंत म्हणाली, तर आर्किटेक्चर. जुन्या गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. काचा उत्तरेकडे, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड. तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय चित्रं टांगायला आयती कामी येते. असं काही बघून तिचे डोळे चमकत असतील तर अडवू नका. यात फक्त आर्किटेक्ट लागतात असंही नाही. जर्मनीत डुइसबुर्गला 1985 मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं पीटर लाट्झ या लँडस्केप आर्किटेक्टनं सार्वजनिक उद्यान केलं. तिथल्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय आणि त्यात पाणबुडे सराव करतात! पण अशा जागी आधी मातीत काय मुरलंय ते तपासणारा केमिस्ट लागतो, गंजलेल्या तुळया किती भार घेतील ते सांगणारा सिव्हिल इंजिनिअर लागतो.

गर्दी म्हणाली, तर तिला ब्राझीलची गोष्ट सांगा. साओ पाउलोत पत्र्याची पिंपं बनवणारा एक कारखाना बंद पडला होता. तिथे लोकांसाठी सांस्कृतिक केंद्र उभारायचं काम आर्किटेक्ट लीना बो बार्दीकडे आलं. एका शनिवारी ती बघायला गेली, तर फुटक्या छपरातून पाऊस गळतोय आणि पोरं त्याच पाण्यात फुटबॉल खेळताहेत, आयाबाया खाणं भाजताहेत, म्हातारी माणसं बसलीत. तिनं ठरवलं, हे मोडायचं नाही. शेड ठेवल्या आणि 1982 मध्ये केंद्र सुरू झालं. आत वाचनालय, नाटकघर, कार्यशाळा, खाणावळ. ते आजही भरलेलं असतं, कारण ते चालवणाऱ्या सेस्क या संस्थेला व्यापारी आस्थापनांच्या पगारखर्चावरच्या सक्तीच्या वर्गणीतून दरवर्षी पैसा येतो.

आपल्याकडे घोडं पेंड खातं ते इथेच. मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरून दहा वर्षं कधीच उलटली. फीत कापायला सगळे येतात, तिसऱ्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार हे कुणी विचारत नाही. ते विचारणारी, कार्यक्रम आखणारी, परवानग्या काढणारी, निधी उभा करणारी माणसं फार कमी आहेत. कोचीत ॲस्पिनवॉल कंपनीच्या समुद्रकाठच्या जुन्या आवारात 2012 पासून बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं मोठं कलाप्रदर्शन, भरू लागलं, त्यामागे अशा माणसांची फौज असते. लेकीचा ओढा इकडे असेल तर बी.आर्क.ची सक्ती करू नका. इतिहास, समाजशास्त्र किंवा कलाशाखेची पदवी आणि नंतर बडोद्याला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, असाही मार्ग आहे. इथे पगार उशिरा वाढतो आणि कंत्राटं जास्त असतात, तेव्हा तुमची तयारी हवी.

निर्णय आज नको. या सुट्टीत तिला एक काम द्या. तुमच्या वडिलांबरोबर साचाखात्यात असलेले दोन-चार जण पेठेत अजून असतील. त्यांच्याकडे मोबाईल घेऊन बसू दे. पाळी कशी बदलायची, डबा कुठे खायचे, आवाजात एकमेकांना खुणा कशा करायचे, सगळं रेकॉर्ड करू दे. मग त्यांनाच विचारू दे की मिल उघडली तर तिथे काय बघायला आवडेल. चार बैठकींनंतरही कंटाळली नाही तर तिचं ठीक आहे. आणि परत आल्यावर ती आधी छपराचं बोलते की माणसांचं, एवढं लक्षात ठेवा.

एक राहिलं. तिनं अकरावीला गणित घेतलंय की सोडलंय, हे पत्रात नाही. बी.आर्क.ला गणित लागतंच. सोडलं असेल तर आजच कॉलेजात जाऊन विषय बदलता येतो का बघा, बाकीचं नंतर बोलू.