टाकी एक, मासे तीस : संशोधकांच्या प्रश्नांना उत्तरे

वैद्यकीय, प्राणिशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही शाखांतील संशोधक विद्यार्थ्यांचे आराखडे संख्याशास्त्राच्या बाजूने तपासण्याचे काम मी पुण्यात अनेक वर्षे करते आहे. रुग्ण, मासे आणि बालवाडीतील मुले यांत वरकरणी काही साम्य नाही. पत्रांतला गोंधळ मात्र इतका सारखा असतो की, शाखेचे नाव झाकले तर पत्र कुठून आले ते ओळखता येऊ नये. म्हणून या वेळी तिन्ही शाखांची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मधुमेही रुग्णांच्या दोन गटांची तुलना करण्यासाठी मी एकूण ३० रुग्ण घेणार आहे. ३० म्हणजे मोठा नमुना, असे आमचे सिनियर सांगतात. तेवढे पुरेत ना? (एम.डी.चा विद्यार्थी)

उत्तर : सिनियरांना ते त्यांच्या सिनियरांनी सांगितले असणार. सरासरीचे वितरण घंटेच्या आकाराचे होण्यास साधारण किती निरीक्षणे पुरतात, याचा एक पाठ्यपुस्तकी ठोकताळा आहे आणि ३० हा आकडा तिथला आहे. तुमच्या उपचाराचा परिणाम दिसेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. नमुन्याचा आकार तुम्ही शोधत असलेला फरक किती मोठा आहे आणि रुग्णारुग्णांत चढउतार किती आहे, यावर ठरतो. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे चढउताराचे माप) फरक असेल आणि ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरून) तो १०० पैकी ८० वेळा पकडला जावा अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतात. फरक त्याच्या निम्मा असेल, तर रुग्ण चौपट लागतात. मध्येच येणे बंद करणारे रुग्ण आणखी वेगळे धरावे लागतात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, देण्याआधी संख्याशास्त्रज्ञासमोर बसून हे गणित करून घ्यावे.

प्रश्न : रोहू माशाची ६० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) दोन टाक्यांत ३०-३० अशी ठेवली. एका टाकीत हळद मिसळलेले खाद्य दिले, दुसरीत साधे. ६० दिवसांनी वजनांची तुलना केली तेव्हा पी-व्हॅल्यू (खाद्याचा परिणाम नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००३ आली. परीक्षकांनी मात्र ‘नमुना एक’ असा शेरा मारला. ६० मासे असताना नमुना एक कसा? (एम.एस्सी., प्राणिशास्त्र)

प्रश्न : ६ अंगणवाड्यांतील प्रत्येकी ३० अशा १८० मुलांचा अभ्यास केला. ३ अंगणवाड्यांत रोज गोष्ट वाचून दाखवली, ३ ठिकाणी नेहमीचाच कार्यक्रम ठेवला. अक्षर-ओळखीच्या गुणांवर टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावली आहे. १८० मुले पुरेशी आहेत, असे गाईडचे मत आहे. (पीएच.डी., शिक्षणशास्त्र)

उत्तर : दोन्ही पत्रांचे दुखणे एक आहे, म्हणून उत्तरही एकच देते, आणि ते थोडे लांबेल.

हळदीचे खाद्य तुम्ही ३० माशांना वाटले नाही, एका टाकीला वाटले. उपचार ज्याला वाटला जातो ते तुमचे एकक. त्यामुळे हळदीची एक टाकी आणि साधी एक टाकी, एवढाच तुमचा प्रयोग आहे. एका प्रयोगशाळेत अशाच दोन टाक्या मी पाहिल्या होत्या. एक खिडकीला लागून होती, दुसरी भिंतीकडे. दुपारी खिडकीकडच्या काचेवर ऊन येई आणि आठवड्याभरात आतून हिरव्या शेवाळाची साय धरे. बोटुकली ते शेवाळ टोकरत बसत. विद्यार्थिनी प्रत्येक मासा ओल्या जाळीतून काढून, पाणी निथळवून, मिलिग्रॅमपर्यंत वजन नोंदवत होती. वहीत उन्हाची नोंद कुठेच नव्हती. वजनातला फरक खाद्यामुळे पडला की खिडकीमुळे, हे त्या वहीवरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. शिवाय एका टाकीतले मासे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. थोराड मासा खाद्यावर आधी तुटून पडतो आणि लहानगा लहानच राहतो. एकाला बुरशी लागली की शेजाऱ्यालाही लागते. अशा ३० माशांना ३० स्वतंत्र निरीक्षणे मानले की पी-व्हॅल्यू लहान येते, यात नवल काही नाही. हर्लबर्ट या परिसरशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती अशा अर्थाचे नाव दिले. तेव्हापासून ४० वर्षे उलटली, तरी दर वर्षी माझ्या टेबलावर तीच चूक नव्या बाइंडिंगमध्ये येते.

अंगणवाडी हीसुद्धा टाकीच आहे. ३० मुलांची सेविका एक, खोली एक, वस्ती एक. एखादी सेविका गोष्ट सांगताना वाघाचा आवाज काढते, तर दुसरीचा अर्धा दिवस पोषण आहाराच्या नोंदी भरण्यात जातो. त्यामुळे एकाच अंगणवाडीतली मुले परस्परांसारखी होत जातात. या सारखेपणाचे मोजमाप म्हणजे गटांतर्गत सहसंबंध. तो उदाहरणादाखल ०.१५ धरला, तर नमुना किती पट मोठा लागेल ते सांगणारी फुगवटी १ + (३० − १) × ०.१५, म्हणजे ५.३५ येते. १८० ला ५.३५ ने भागा. हाती सुमारे ३४ उरतात. तुमच्या १८० मुलांनी दिलेली माहिती साधारण ३४ स्वतंत्र मुलांइतकी आहे, हे गाईडना दाखवा.

वैद्यकीय शाखेच्या वाचकांनी यावर हसू नये. ४० रुग्णांचे ८० गुडघे मोजून नमुना ८० लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

यावर उपाय आहे, पण तो प्रयोगाच्या आधी करायचा असतो. तेच ६० मासे १२ टाक्यांत पाच-पाच ठेवा, कोणत्या टाकीला कोणते खाद्य हे चिठ्ठी काढून ठरवा, आणि विश्लेषण टाकीच्या सरासरीवर करा. खर्च वाढतो तो टाक्यांचा आणि एरेटरचा. मासे वाढत नाहीत. अंगणवाड्यांच्या बाबतीत प्रत्येक ठिकाणची मुले कमी करून अंगणवाड्यांची संख्या वाढवा. झालेल्या कामाबद्दल विचाराल, तर दोन टाक्यांचा प्रयोग एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या कोणत्याही बटणाने वाचणार नाही. तो प्राथमिक निरीक्षण म्हणून लिहावा आणि सार्थकतेचा दावा काढून टाकावा. अंगणवाड्यांच्या माहितीला गटांचा विचार करणारी पद्धत लावता येईल, पण सहा गट फार थोडे आहेत. टी-चाचणी मागे घ्या आणि गाईडना सोबत घेऊन संख्याशास्त्रज्ञाला भेटा.

प्रश्न : माशांवरील प्रयोगाला परवानगी लागते का? वरिष्ठ म्हणतात, ती फक्त उंदीर-सशांना लागते.

उत्तर : मासा पृष्ठवंशी प्राणी आहे, पहिला मासा टाकीत सोडण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज करावा.

प्रश्न : बालवाडीतील चार वर्षांच्या मुलांच्या चाचण्या मुख्याध्यापिकांच्या परवानगीने घेऊन झाल्या आहेत. आता, लेख पाठवला ते नियतकालिक नीतिसमितीच्या परवानगीचे पत्र मागते आहे. मागील तारखेने मिळेल का?

उत्तर : मिळणार नाही, आणि कोणी देऊ केले तर घेऊ नका.

मुख्याध्यापिका शाळेचे दार उघडू शकतात. मुलाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आई-वडिलांचा किंवा कायदेशीर पालकांचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्य संशोधनासाठी असली, तरी मुलांवरील इतर अभ्यासांनाही तीच फूटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. पालकांची संमती हवीच. त्याशिवाय साधारण सात वर्षांपुढील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यायची असते. चार वर्षांच्या मुलाला अर्जावर सही करता येत नाही, पण पेन्सिल पाठीमागे लपवून भिंतीकडे तोंड करून बसणे, हा त्याचा नकारच असतो. तिथे चाचणी थांबवायची असते. ‘थोडे रमवून पूर्ण करून घेतली’ असे वाक्य प्रबंधात लिहून लोक स्वतःच पुरावा देतात. औषधोपचारांच्या चाचण्यांतही नोंदणी मागाहून करण्याची अशीच दिरंगाई चालत असे. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय ही भारतातील अशा चाचण्यांची नोंदवही पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी स्वीकारते. जे झाले ते लपवू नका, समितीच्या सदस्य-सचिवांना लेखी कळवा आणि माहितीचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलांसाठीची एक प्रसिद्ध इंग्रजी वाचनपूर्व चाचणी मराठीत भाषांतरित केली आहे. दोन तज्ज्ञांनी भाषांतर तपासले. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : भाषांतर उत्तम असेल, चाचणी मात्र इंग्रजीचीच राहिली आहे. इंग्रजी वाचन २६ अक्षरचिन्हांवर आणि सुट्या ध्वनींवर उभे असते. देवनागरीत मूल व्यंजन आणि स्वर एकत्र, अक्षर म्हणून पकडते. ‘कमळ’चे तुकडे करायला सांगितले की ते टाळ्या वाजवत क-म-ळ असे तीन करते. त्याच्याकडून पाच ध्वनींची (क्-अ-म्-अ-ळ्) अपेक्षा धरून त्याला ‘कमकुवत’ ठरवणे हा मुलावर अन्याय आहे. इंग्रजीत आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांचा गोंधळ तपासतात. आपल्याकडे मुले घ-ध, भ-म आणि प-ष यांत अडखळतात. पहिल्या वेलांटीचे तर वेगळेच प्रकरण आहे. ‘कि’मधील वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे कोडे इंग्रजी चाचणीत असणारच नाही. मिनिटाला किती शब्द वाचले, हे मापही जसेच्या तसे आणता येत नाही, कारण ‘शेजारच्यांनीसुद्धा’ हा आपला एकच शब्द असतो. २००५ पासून वापरात असलेले, असर या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचे साधन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांचे आहे. ते चाळणी म्हणून चांगले आहे, पण पाच वर्षांच्या मुलाचे निदान करण्यासाठी ते नाही. चाचणी नव्याने बांधावी, भाषाशास्त्रज्ञाला सुरुवातीपासून सोबत घ्यावे, आणि ज्यांच्या घरी कन्नड, हिंदी किंवा वडारी बोलली जाते अशा मुलांवरही ती आधी आजमावून पाहावी. पुण्यात अशी मुले प्रत्येक वर्गात सापडतात.

प्रश्न : माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी मुले लवकर वाचू लागतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे एका शिकवणीवर्गाच्या पत्रकात छापले आहे. नातू सहा वर्षांचा आहे. गोळ्या सुरू कराव्यात का? (एक आजी)

उत्तर : आजी, ते पत्रक रद्दीत घाला. ऑक्सफर्डशायरमध्ये शाळकरी मुलांवर झालेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अशा जाहिरातींना सोयीचा आहे. मुले ७ ते ९ वर्षांची होती आणि त्यांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे माशाच्या तेलात असते ते एक ओमेगा-३ मेदाम्ल, दिले गेले. सगळ्या मुलांचा मिळून वाचनात फरक दिसला नाही. वाचनात सर्वांत मागे असलेल्या गटात थोडा दिसला. अशा वेळी प्रामाणिक संशोधकाने जे करायचे, तेच त्या मंडळींनी केले : मागे पडलेल्या मुलांवर अभ्यास पुन्हा केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि तो फरक पुन्हा दिसला नाही. जाहिरातदार पहिल्या अभ्यासापाशीच वाचन थांबवतात. गंमत म्हणजे ते डीएचए माशाचे नव्हतेच, शेवाळाचे होते. मासेदेखील ते मुळात शेवाळापासूनच अन्नसाखळीतून मिळवतात. घरात मासे खात असाल, तर नातवाला जरूर खाऊ घाला. गोळ्यांबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि वाचन खरोखर अडते आहे असे वाटत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

प्रश्न : झेब्राफिशवर गुणकारी ठरलेले औषध वडिलांना देता येईल का?

उत्तर : नाही. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्या माशात जोडीदार सापडतो, एवढ्यावरून मात्रा ठरत नाही; वडिलांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ‘७२ तासांत प्रकाशन, यूजीसी-केअर मान्यता, २,५०० रुपये’ असा व्हॉट्सअॅप संदेश आला आहे. प्रबंध सादर करायचा असल्याने घाई आहे.

उत्तर : ७२ तासांत लेख तपासून होत नाही, फक्त पैसे जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची केअर यादी सांभाळण्याचे काम ज्या केंद्रातून चाले ते आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, आणि यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. बंद झालेल्या यादीची मान्यता विकणाऱ्याकडून आणखी कशाची अपेक्षा ठेवणार? शिवाय २०२२ च्या नियमांत यूजीसीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती ठेवलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा पीएच.डी. विभागात लेखी विचारा. मग घाई आहे की नाही, ते कळेल.

प्रश्न : पुढच्या सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. माहिती गोळा झाली आहे. कोणती चाचणी लावू, तेवढे फोनवर सांगाल का?

उत्तर : फोनवर नाही. १९३८ मध्ये कलकत्त्यातील संख्याशास्त्र परिषदेत ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी प्रयोग संपल्यावर येणाऱ्यांची तुलना शवविच्छेदनासाठी येणाऱ्यांशी केली होती. तेवढे तरी आपण करू. गाईडना घेऊन या, आणि स्वच्छ केलेली एक्सेल फाइल नको, मूळ वही आणा : कोणता मासा कोणत्या टाकीतला, कोणते मूल कोणत्या अंगणवाडीतले, हे तीत लिहिलेले असेल तर.