वॉर्डमध्ये तोंडच उघडत नाही

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातली, नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशंटची कामं नीट करते, पण सिस्टरना काही सांगायची वेळ आली की ततपप होतं. हे आपल्याला जमणारच नाही, असं वाटू लागलंय.

उत्तर : ततपप भित्रेपणामुळे कमी, पहिलं वाक्य ठरलेलं नसतं म्हणून जास्त होतं. त्यासाठी एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) हा क्रम आहे : आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, काय करायला हवं. सांगायला जाण्याआधी खिशातल्या डायरीत चार ओळी लिही. "सिस्टर, बेड 14 चं बीपी 90/60, पल्स 124. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. ड्रेसिंग रक्तानं भिजलंय, ब्लीडिंग होत असावं. आत्ता येऊन बघता का?" संपलं.

मुली घसरतात त्या "सिस्टर, त्या आजी कशातरीच करताहेत" इथून. मग उलट प्रश्न येतात, आकडे आठवत नाहीत, ओरडा बसतो आणि तो 'मी बावळट' म्हणून मनात साठतो. तोंडी ऑर्डर मिळाली, तर औषधाचं नाव, डोस आणि शिरेतून की स्नायूत, हे परत म्हणून दाखव. तिथं लाजलीस तर ते पेशंटला भोवतं.

शिवाय तू स्वतःला वीस वर्षं ड्यूटी केलेल्या इन्चार्ज सिस्टरशी मोजतेस; त्या मापात कोण पुरं पडेल? रोज रात्री दिवसभरातली दोनच कामं लिही. 'सलाइनच्या हाताची सूज ओळखली, लगेच सांगितली.' कसं वाटलं ते नको, काय केलं ते.

आणि घरची बोली लपवू नकोस. पेठ-सुरगाण्याकडची म्हातारी माणसं "दुखतं का?" म्हटलं की नुसती मान डोलावतात. त्यांच्याच बोलीत "बोट ठेवून दाखवा" म्हण, जागा कळेल.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी 40 मुलींकडून रोझेनबर्ग स्केल, म्हणजे स्वतःबद्दलचा आदर मोजणारी प्रश्नावली, भरून घेतलं. जवळपास सगळ्यांचे गुण 25 च्या आसपास. असं कसं?

उत्तर : 1965 च्या या प्रश्नावलीत 10 विधानं, त्यातली 5 उलट अर्थाची. त्यांचे गुण उलटवायचे राहिले असणार, म्हणून बेरीज मधोमध अडकते. गुण 1 ते 4 दिले असतील, तर उलट विधानाला 5 वजा मूळ गुण धरा. फॉर्मवर नाव मागितलं होतं का, तेही बघा. मॅडम शेजारी उभ्या असताना स्वतःबद्दल खरं कोण लिहील?