साथीतलं तातडीचं अनुदान : अर्ज कुठे अडतो?

प्रश्न : आमची छोटी संस्था साथीत आजाऱ्यांना घरपोच डबे देते. तातडीच्या अनुदानाचा अर्ज ‘तपशील अपुरा’ म्हणून परत आला. काय राहिलं असेल?

उत्तर : बहुधा हिशोब. ‘गरजूंना मदत’ एवढ्यावर पैसे सुटत नाहीत. आकडे मांडा : समजा, रोज १२० डबे, ६ आठवडे, म्हणजे ५,०४० डबे. त्याला एका डब्याच्या खर्चाने गुणा. इंधन, मास्क, वाटप करणाऱ्यांचं मानधन वेगळ्या ओळींत दाखवा. अनुदानातून भाडं-पगार चालतील का, हे देणगीदाराला आधी लेखी विचारून घ्या. मंजुरीपूर्वीचा खर्च बरेच देणगीदार भरून देत नाहीत, तेव्हा उधारीवर उड्या नकोत. आणि नोंदणीपत्रावरचं नाव बँक खात्याशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना? मंजूर झालेले पैसेही या क्षुल्लक फरकापायी अडकून पडतात.