बालगृहातल्या मोठ्या मुलांना सुट्टीच्या दिवशी काय खेळवावं जे सेफ पण असेल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बालगृहात नवीनच लागलात, पोट्टे 12 ते 17 चे, आणि कोणाला लागलं-बिगलं तर आपल्यावर येईल म्हणून रविवारी टीव्ही लावून बसवता, तरी भांडणं होतातच. होणारच ना! मी नागपुरातच अशा एका संस्थेत बरीच वर्षं काढली, रिमोटवरून जेवढी डोकी फुटायची तेवढी मैदानावर नाही फुटली.

खो-खोपासून सुरू करा. खर्च काहीच नाही आणि अंगाला फक्त हात लागतो. कबड्डी सगळ्यांना आवडते पण ती जरा बघून, कारण आपल्याकडे येणाऱ्या काही पोरांसोबत आधी काय काय झालेलं असते, कोणी मागून धरलं, अंगावर पडलं की ते एकदम बिथरतात आणि आपल्याला वाटते नाटकं करून राहिला. असा पोरगा नाही खेळत म्हणाला तर नाही, कारण विचारत बसू नका, शिट्टी द्या हातात नाहीतर स्कोअर लिहायला लावा, पण राहू द्या सगळ्यांसोबत. आणि 12 वाल्यासमोर 17 वाला उतरवू नका, वयाप्रमाणे टीम पाडा.

अजून एक, खेळ बंद ही शिक्षा ठेवूच नका. जो जास्त त्रास देतो त्यालाच तर पळायला पाहिजे असते, आणि आपण नेमकं त्यालाच खोलीत बसवतो.

मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा दुपारी मैदान विसरा, कॅरम आणि बुद्धिबळ काढा. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, हे एकदा सांगा आणि पट मांडून ठेवा, बाकी तेच बघतील.

बाहेर न्यायचं तर अधीक्षकांची परवानगी घेऊन रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग. फुटाळा, अंबाझरी काठावरूनच बघायचं, पाण्यात पाय टाकायचा नाही, पोहता येते म्हणणाऱ्यानं तर नाहीच. सोबत मोठी माणसं किमान दोन, ज्याला दमा किंवा फिट येते त्याची औषधं बॅगेत, आणि बसमध्ये चढता-उतरता मोजणी.

फोटोचं मात्र सांभाळा. देणगीदार आले की सेल्फी पाहिजेच असते त्यांना, पण बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख बाहेर जाऊ देता येत नाही, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्यांना सरळ सांगा, दिलेल्या कॅरम बोर्डसोबत काढा फोटो. तुमच्या व्हॉट्सअॅप स्टेटसलाही तेच लागू.

संक्रांतीला पतंग उडवू द्या, पण गच्चीला कुलूप लावून खाली मैदानात, आणि चक्री आधी स्वतः तपासा, नायलॉन मांजा कोणी ना कोणी आणतोच.