40 गॅलनचं लातूर

“मावशी, शाळा सुटल्या की जूनअखेरीला न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियापर्यंत कॅम्परनं जायचं ठरवलंय. पाच आठवडे. मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 ची. रस्ता कुठला धरू, रोज किती मैल जाऊ, लेकरं गाडीत कंटाळली तर काय करू, खायला काय नेऊ? आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई नांदेडहून येतायत. त्यांना सोबत नेऊ की नणंदेकडं ठेवू? रात्र रात्र झोप नाही...”

चार पानांचं पत्र आहे. (कॅम्पर म्हणजे आत बिछाने, स्वयंपाकघर, संडास असलेली गाडी, चाकांवरचं घरच.) प्रश्न मोजले, 19 भरले. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: “पाण्याची चिंता नको असं हे म्हणतात, टाकी असतेच.”

वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

बाई, पत्राखाली “मूळची लातूरची” असं लिहिलंयस म्हणून बोलते. दुसऱ्या गावची असतीस तर गोडीनं सांगितलं असतं. लातूरची लेक, आणि नवरा “टाकी असतेच” म्हणाला तर गप्प बसलीस? टाकी असतेच, हे तर आपल्याकडं प्रत्येकाला ठाऊक आहे. टाकीत काय असतं, हा प्रश्न असतो.

2016 च्या उन्हाळ्यात मीही तुझ्यासारखीच तिकडं होते, ओहायोत. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. फोनवर बहीण रडली-बिडली नाही, हिशोब सांगत होती. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांडी विसळलेलं संडासात, पाहुणा आला की आधी त्याच्या हातात कॅन आहे का ते बघायचं. ती बोलत होती आणि माझ्या पाठीमागं डिशवॉशर घुरघुरत होतं. मी उठून बंद केलं. त्यानं लातूरला एक थेंब जास्त मिळणार नव्हता, पण केलं. तू त्या वर्षी कुठं होतीस मला माहीत नाही. तुझ्या आईला मात्र विचार, ती सांगेल तुला टाकी म्हणजे काय असते ते.

माझ्यावर आरोप आहे, की कुठलंही पत्र आलं तरी मी त्यात पाणी शोधते. मागं टोरांटोच्या एका गृहस्थांनी घर घ्यावं का विचारलं, तर मी त्यांच्या तळघराच्या ओलीवर दीड पान लिहिलं. असू दे. आता मी कायमची लातुरात राहते, आज आमच्या गल्लीत नळाची पाळी आहे आणि हे लिहिताना माझा एक कान मोटारीकडं आहे. मी दुसरं काय लिहिणार?

तर हिशोब कर. तू 27 फुटी कॅम्पर बघितलायस. तसल्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण 30 ते 50 गॅलनची असते. मधला 40 धर. म्हणजे 150 लिटर. आपल्याकडं दारात निळं टिपाड असतं ना, 200 लिटरचं? ते पाऊणच भरलं. त्यात सासूबाई धरून पाच माणसं, स्वयंपाक, भांडी, आंघोळी, संडास. शॉवरमधून मिनिटाला दीड-दोन गॅलन सहज जातात. न्यू जर्सीच्या सवयीनं दहा मिनिटं उभी राहिलीस की अर्धी टाकी तुझ्या एकटीच्या अंगावरून गेली. अर्थात गरम पाण्याचा बंब बहुतेक गाड्यांत 6 गॅलनचा असतो, त्यामुळं दहा मिनिटांच्या आधीच गारठून बाहेर येशील. अंग ओलं कर, नळ बंद, साबण, मग नळ. लहानपणी बादली आणि तांब्यानं आंघोळ केलीस ना? तशीच. लेकरांना दिवसाआड आंघोळ घातली तर आभाळ कोसळत नाही. मधल्या दिवशी ओल्या पंच्यानं पुसून काढ.

हे झालं आत येणाऱ्या पाण्याचं. बाहेर जाणाऱ्याचं कुणी सांगतच नाही. गाडीच्या पोटात आणखी दोन टाक्या असतात. शॉवर आणि बेसिनचं पाणी करड्या टाकीत, संडासाचं काळ्या टाकीत. माणसं स्वच्छ टाकीचा काटा बघत बसतात आणि तिकडं करडी भरून जाते. भरली की ते पाणी कुठून वर येतं माहितीये? शॉवरच्या तळातून. गटार तुंबल्यागत.

काळीबद्दल तर इंग्रजीतली माहिती वाचून आपल्या लोकांना अर्धंच कळतं, कारण ती कागद वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. आपण पाणी घेणारी माणसं. एकेका खेपेला लिटर-दीड लिटर तरी जातं, वरून फ्लश. 30 गॅलनची काळी टाकी पाच माणसांत तीन-चार दिवसांत काठाला येते. घाबरू नकोस, उलट त्या टाकीला पाणी मानवतं, कोरडेपणाच मानवत नाही. फक्त पाणी घ्यायचा मग लहान ठेव, आणि लेकीचे ओले वाइप्स त्यात एकसुद्धा जाता कामा नये, पाकिटावर काहीही छापलेलं असो. कॅम्पग्राउंडला गटाराचा पाइप जोडलेला असला तरी काळ्या टाकीची झडप बंदच ठेवायची. दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची, आणि तिच्यामागून करडी, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. आमच्या ह्यांनी “सारखं कोण उठणार” म्हणून झडप दोन दिवस उघडी ठेवली होती. पाणी वाहून गेलं, बाकीचं आत साचून बसलं. पुढचं तुमचं जेवण झालेलं असेल नसेल, म्हणून सांगत नाही.

ती आमची 1999 ची सहल. कोलंबसहून निघालो, लेकरं 8 आणि 5 वर्षांची, आणि सोबत औशाहून आलेल्या आमच्या सासूबाई. मलाही त्यांना दिराकडं ठेवायचं होतं बरं का, तुझ्यासारखंच. दिरानं जमणार नाही म्हणून सांगितलं, म्हणून आल्या.

पहिल्याच दिवसापासून त्यांनी एक उद्योग मांडला. दुधाचे ते प्लास्टिकचे गॅलनचे कॅन रिकामे झाले की धुवायचे, पाण्यानं भरायचे आणि आपल्या बिछान्याखाली सारायचे. इलिनॉयपासून मी कुरकुरत होते. ओझं होतंय, पाय ठेवायला जागा नाही, अमेरिकेत पाण्याला काय तोटा. त्यांचं एकच: “असू दे गं. पाणी काय खायला मागतंय का?”

सॉल्ट लेक सिटीहून वेंडोव्हरकडं जवळजवळ 120 मैलांचा ओसाड रस्ता, आणि शेवटी शेवटी तर नुसतं पांढरं मीठ. सासूबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, “एवढं मीठ आणि प्यायला घोट नाही, काय करायचं असलं.” अंधार पडताना नेवाडात शिरलो. टाकीचा दिवा दोन तृतीयांश दाखवत होता. भाड्यानं गाडी देणाऱ्यानं छातीठोक सांगितलेलं, काटा बरोबर आहे म्हणून. रात्री एकला धाकटी ओकली. पांघरुणावर, केसांत, सगळीकडं. नळ उघडला तर पंप नुसताच घुर्रर्र. टाकी ठणठणीत.

बिछान्याखालून पाच कॅन निघाले. तीन त्या रात्रीत गेले. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी पेट्रोल पंपावर थांबल्यावर मात्र, कुणी तोंड धुवायच्या आत, त्या तीन कॅन घेऊन नळापाशी उभ्या होत्या.

म्हणून सांगते, तुझा सासूबाईंचा प्रश्न मी पाण्यातच सोडवून टाकला. ने त्यांना. खालचा बिछाना दे, वर चढायला लावू नकोस.

काट्यावर विश्वास ठेवू नकोस, हे यातून आलंच. ते दिवे फार तर रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली एवढंच सांगतात, आणि तेही मनाला येईल तसं. वही कर. किती भरलं, कधी भरलं, कधी सोडलं. आणि ही वही तुझ्या मुलाकडं दे. कालव्यावर पाटकरी असतो, कुणाच्या शेताला किती पाणी ते बघणारा, तसा तो गाडीचा पाटकरी. लेकरं कंटाळली तर काय, असं विचारलंस ना? 7 वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांना “बाबा, नळ बंद करा” म्हणायचा अधिकार मिळाला की कंटाळा कसला. आमच्या थोरल्यानं आजीचीसुद्धा गय केली नव्हती.

आणखी थोडं, मग सोडते. पाणी भरायला पिण्याच्या पाण्याचा वेगळा पांढरा किंवा निळा पाइप मिळतो तोच घे. बागेचा हिरवा नको, पाण्याला रबराची चव येते आणि तो पिण्यासाठी केलेलाच नसतो. नळाला प्रेशर रेग्युलेटर लाव, काही कॅम्पग्राउंडांत पाणी इतक्या जोरात येतं की गाडीतली नळी फुटते. जिथं टाक्या रिकाम्या करतात तिथंही एक नळ असतो, तो पाइप धुवायला. पाटी वाचल्याशिवाय तिथलं पाणी टाकीत भरू नकोस. गाडी ताब्यात आली की आधी टाकी ब्लीचनं धू: वास नसलेलं साधं ब्लीच, 15 गॅलनला पाव कप, भरलेली टाकी रात्रभर ठेवायची, सगळे नळ सोडून ओतायची, वास जाईस्तोवर पुन्हा भरायची. आधीची माणसं ती टाकी कशी वापरून गेली, तुला काय ठाऊक?

भरलेल्या 40 गॅलनचं वजन 150 किलो, म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं. आयोवा-नेब्रास्कात रोज मुक्कामाला नळ मिळणार, तिथं भरलेली टाकी ओढत नेऊ नकोस, अर्धी पुरे. वायोमिंगपासून पुढं भरूनच निघ. शायेनच्या पुढं आय-80 हा महामार्ग 8,640 फुटांवर चढतो, हवा कोरडी ठाक, लेकरांना तहान कळत नाही आणि ओठ फुटतात. आणि यलोस्टोनला तू चार रात्री धरल्यायस, “तिथं सगळी सोय असेलच” असं लिहून. नसते. पाणी, गटार आणि वीज थेट गाडीला जोडून मिळते ती त्या अख्ख्या उद्यानात फिशिंग ब्रिजच्या एकाच ठिकाणी. बाकीकडं नळावरून आणायचं. चार रात्री, पाच माणसं, 150 लिटर. तूच भागाकार कर.

आता राहिलेले प्रश्न, भराभर.

रस्ता आय-80 चाच धर, न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 2,900 मैल. त्यातून यलोस्टोनसाठी वर जावं लागेल. आयोवात एक दिवस शेतांमधून हळू जा. काळी जमीन आणि नजर पोचेल तिथवर सोयाबीन. सासूबाईंना दाखव, त्या भाव विचारतील. दिवसाला 250 मैलांच्या वर नको आणि चार वाजायच्या आत मुक्काम. कॅम्पर गॅलनला 8 ते 10 मैल देतो, म्हणजे नुसतं पोचायलाच 300 गॅलनच्या वर पेट्रोल. तू मांडलेला खर्च निम्मा आहे. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांची नोंदणी 6 महिने आधी उघडते. तुझं पत्र फेब्रुवारीचं. आजच बस आणि मिळेल ते धर, रस्ता त्याप्रमाणं वाकव. लेकरांना उद्यानांत ज्युनियर रेंजरचा बिल्ला मिळवायला लाव, चांगलं असतं ते.

खाण्याचं सोपं. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी, येसर डबाभर, आणि रोज संध्याकाळी एका भांड्यातली खिचडी. भांडी आधी कागदानं पुसायची, मगच धुवायची. (आलंच बघ पाणी.)

एक गोष्ट मात्र भराभर वाचू नकोस. लेकरांच्या कार सीट पुढं तोंड असलेल्या, खरा पट्टा असलेल्या जागेवरच. आडव्या सोफ्यावर नाही, मागं तोंड असलेल्या टेबलाच्या बाकावर नाही, आणि गाडी चालू असताना वरच्या बिछान्यावर तर मुळीच नाही, कितीही रडली तरी. “सहा जण झोपतात” म्हणजे सहा पट्टे असतात असं नव्हे. गाडी ठरवायच्या आधी जाऊन स्वतः मोज.

शेवटचा, 19 वा प्रश्न तुझ्या नवऱ्याचा, वेगळ्या अक्षरात लिहिलेला: “काळी टाकी रिकामी करायला कुणी माणूस मिळतो का?” मिळतो की. “टाकी असतेच” असं म्हणालेला माणूस तुमच्याच घरात आहे. त्याच्या मापाचे रबरी हातमोजे घे. दोन जोड.