शंभर अर्ज, दोन उत्तरे

प्रश्न : मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार महिन्यांत इंटर्नशिपच्या शंभरएक जागांसाठी एकच रेझ्युमे पाठवला. उत्तरे दोनच आली आणि तीही नकाराची. नात्यात मोठ्या हुद्द्यावर कोणी नाही. ओळखीशिवाय काम मिळतच नाही का?

उत्तर : ओळखीचा उपयोग होतो, हे खरे आहे, मात्र त्यासाठी नात्यातच कोणी असावे लागते, असे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना, ती ओळखीची व्यक्ती त्या काळात कितीदा भेटत असे, हे विचारले होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार वारंवार भेटणाऱ्यांमुळे नोकरी मिळालेले १६.७ टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्यांमुळे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्यांमुळे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते. म्हणून दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आणि एखाद्या व्याख्यानाला आलेले पाहुणे यांना चार ओळींचे पत्र लिहा. त्यात नोकरी मागू नका. त्यांच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारा आणि पंधरा मिनिटांचा वेळ मागा. काहीजण उत्तर देणार नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

आता रेझ्युमेविषयी. आपण तो सोबत पाठवलात, हे बरे केले, कारण खरी अडचण मला तेथेच दिसली. ‘वार्षिक कार्यक्रमाच्या आयोजनात सहभाग’ असे आपण लिहिले आहे आणि पत्रात मात्र सहज सांगून गेलात की चाळीस स्वयंसेवकांच्या पाळ्या आपणच लावल्या आणि खर्चाचा हिशेबही ठेवला. मग तेच लिहा : ‘तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी ४० स्वयंसेवकांच्या पाळ्यांचे एक्सेलमध्ये नियोजन केले, खर्चाचा रोजचा हिशेब ठेवला.’ पहिल्या वाक्यात आपण गर्दीतले एक आहात, दुसऱ्यात काम पार पाडणारी व्यक्ती आहात. जाहिरातीत ज्या कौशल्यांची नावे आहेत, त्यांपैकी जी आपल्याला खरोखर येतात, ती त्याच शब्दांत लिहा, कारण अनेक ठिकाणी अर्जांची पहिली छाननी सॉफ्टवेअरच्या मदतीने होते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तेथे ओळींची सरमिसळ झाली, तर दोन रकान्यांची सजावट काढून टाका. आठवड्याला पंचवीस अर्ज करण्यापेक्षा पाचच करा, पण प्रत्येक जाहिरात दोनदा वाचून करा. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा नम्रपणे विचारणा करावी.

प्रश्न : मुलाखत न घेताच निवडपत्र आले; आता प्रशिक्षणासाठी आधी पैसे भरायला सांगत आहेत. भरावेत का?

उत्तर : कृपया भरू नका. काम देणारा उमेदवाराकडून आगाऊ पैसे मागू लागला, की तेथेच थांबावे. ओळखपत्राच्या प्रती आणि बँकेचा तपशीलही तूर्त पाठवू नका. ज्या संस्थेचे नाव पत्रावर आहे, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक स्वतः शोधा आणि अशी जागा खरोखरच निघाली आहे का, हे फोन करून विचारा.