महिला फुटबॉलपटूंना खेळानंतरच्या आयुष्यासाठी क्लबने कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे 22 मुलींचा संघ आहे, मोसम संपला की निम्म्या जणी गावी परततात, आणि खेळ सुटल्यावर त्यांचं काय होणार या काळजीने तुम्हाला झोप लागत नाही. क्लबकडे पैसा बेताचा, मग करायचं काय, असा तुमचा प्रश्न.

मी कोल्हापूरची. अकरा वर्षं स्टॉपर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळले, शेवटचे तीन मोसम परराज्यातल्या एका क्लबकडून पगार घेऊन. चोविसाव्या वर्षी सरावात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पुढच्या महिन्यापासून पगार बंद झाला, कारण करारात दुखापतीबद्दल एक ओळही नव्हती आणि मी तो न वाचताच सही करून दिला होता. ऑपरेशनसाठी वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं. आता मी पतसंस्थेत नोकरी करते आणि रविवारी मुलींना शिकवते.

पाहुणे बोलावून व्याख्यान ठेवू नका. मुली टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतात. त्यापेक्षा सरावाच्या वेळापत्रकातच आठवड्याला दोन तास या तयारीसाठी राखा आणि तो तास बुडवणं म्हणजे सराव बुडवणं असं ठरवून टाका. इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे देशातल्या महिलांच्या अव्वल लीगचा, 2024-25 चा मोसम जानेवारी ते एप्रिल असा चालला. उरलेल्या महिन्यांचं काय करायचं हे मुलींना कुणी सांगतच नाही. 'अभ्यासात डोकं घातलं की पोरीचं खेळातलं लक्ष उडतं,' असं म्हणणारे प्रशिक्षक मला खूप भेटले. माझा अनुभव उलटा आहे. पुढची चिंता डोक्यात घेऊन मैदानात उतरलेली मुलगी टॅकलला घाबरते, कारण पाय मोडला तर आपल्याकडे दुसरं काहीच नाही हे तिला ठाऊक असतं.

पहिले काही तास फक्त कागदांसाठी वापरा. माझी सगळी प्रमाणपत्रं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. चार दिवसांनी कप्पा उघडला तेव्हा कागद एकमेकांना चिकटून त्यांची एकच लादी झाली होती. वरच्या प्रमाणपत्रावरचं माझं नाव निळ्या डागासारखं पसरलेलं. आई एकेक पान तव्यासमोर धरून सुकवत बसली होती. दुसऱ्या प्रती मिळवायला आठ महिने गेले आणि तेवढ्यात एका भरतीची तारीख निघून गेली. म्हणून प्रत्येकीची एक फाईल करा, सगळं स्कॅन करा, एक प्रत क्लबमध्ये ठेवा.

या कागदांना किंमत आहे म्हणून एवढं सांगते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. ती जाहिरात निघायची वाट न बघता आधीच करून ठेवा. राज्याकडून राजमाता जिजाबाई करंडक, म्हणजे वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धा, खेळलेल्या मुली तुमच्याकडे असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयाची अट 18 ते 25, त्यात सवलत नाही, आणि कामगिरीही अलीकडच्या वर्षांतलीच धरतात. 'आधी मनसोक्त खेळून घेऊ, मग नोकरीचं बघू' हे इथे चालतच नाही. मणिपूरच्या बेमबेम देवी पोलिसात नोकरी करत खेळल्या आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोकरीमुळे त्यांचा खेळ काही थांबला नाही.

ज्यांची पदवी अर्धवट राहिलीय त्यांना मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावा. फॉर्म भरायला आणि परीक्षेच्या तारखांना सुट्टी द्यायला क्लबने मागे-पुढे बघू नये. पदवीशिवाय बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) नाही, आणि माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका व्हायला सहसा तीच लागते.

फुटबॉलमध्येच राहायचं असेल तर वाटा आहेत, फक्त त्या मुलींना कुणी दाखवत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना, करता येतो. मोसम संपला की दोघी-तिघींना पाठवा, आणि परत आल्यावर तुमच्याच 13 वर्षांखालच्या मुली त्यांच्या हाती द्या. रेफरी होण्याचंही सांगा. गोव्याच्या मारिया रेबेलो आधी भारताकडून खेळल्या आणि मग शिट्टी हातात घेऊन पुरुषांच्या आय-लीगचे (राष्ट्रीय लीगचे) सामने सांभाळले. गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेल्या आणि तिथेच वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघाकडून खेळल्या. ही नावं ऐकली की मुलींचे चेहरे बदलतात, ते मी बघितलंय.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोला. लीगमधल्या क्लबांनी किमान 10 भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख रुपये द्यावेत, असं एआयएफएफने 2023 मध्ये जाहीर केलं. म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास, त्यातले बरेचसे घरी जाणार. दरमहा थोडे आवर्त ठेवीत जातील एवढं तरी बघा. आणि करार मुलींना मोठ्याने वाचायला लावा, मराठीत अर्थ सांगत. दुखापत झाली तर उपचार कोण करणार, पगार किती दिवस चालणार, हे त्यांनीच विचारलं पाहिजे. फिफाच्या नियमात 2021 पासून खेळाडूला किमान 14 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, हे माझ्या रविवारच्या एकाही मुलीला माहीत नव्हतं.

शेवटी बायोडेटा. माझ्या पहिल्या बायोडेटात मी 'अनुभव' पुढे 'नाही' लिहिलं होतं आणि फुटबॉल 'छंद' या रकान्यात. अकरा वर्षं पहाटे पाचला उठून केलेलं काम मी स्वतःच छंदात टाकलं, कारण ते काम होतं असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. तुमच्या मुलींकडून तो रकाना तुम्ही समोर बसून लिहून घ्या: किती मोसम, कुठल्या जागी, किती जणींची कर्णधार.

सगळं एकदम जमणार नाही. या आठवड्यात 22 जणींच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा आणि 23-24 वर्षांच्या मुलींच्या फाईली आधी उघडा. त्यांचं रेल्वेचं वय निघून चाललंय.